जाळीचा दिवा आणि समोरची भिंत

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘कंदील’ हा शब्द आपण इतका आपलासा करून टाकला आहे, की तो बाहेरून कुठून तरी आला असेल असं मनातही येत नाही. दिवाळीचा आकाशकंदील, गोठ्यात अडकवलेला रॉकेलचा कंदील, बैलगाडीखाली झुलणारा कंदील. पण शब्द मूळचा अरबी. अरबीत तो ‘किंदील’. तिथे तो ग्रीकमधून गेला आणि ग्रीकमध्ये लॅटिनमधून. इंग्रजांची ‘कँडल’ ही त्याचीच लांबची बहीण. ‘फाणस’ हा दुसरा शब्द आता फारसा कानावर येत नाही, पण जुन्या लेखनात दिव्याच्या काचेच्या आवरणाला हटकून फाणस म्हटलेलं सापडतं; तो ‘फानूस’चा मराठी अवतार. तेव्हा दुकानात हल्ली ‘मोरोक्कन लॅम्प’ म्हणून जो दिवा मिळतो, त्याचं नाव तरी आपल्या घरात फार आधीच येऊन बसलेलं आहे.

दिवा मात्र आपल्याकडे नवा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तो हॉटेलांतून, मासिकांतल्या फोटोंतून आणि प्रदर्शनांतल्या स्टॉलवरून आपल्या फ्लॅटमध्ये शिरला. पितळेचा किंवा नुसताच पितळी रंगाचा पत्रा, त्याला शेकडो भोकं पाडून काढलेली नक्षी आणि आत एक बल्ब. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो लावलेला असतो, चहूकडच्या भिंतींवर चांदण्या पसरलेल्या असतात आणि माणूस भुलतो. काही हजार रुपये मोजून दिवा घरी येतो. हॉलच्या मधोमध, पंख्याच्या शेजारी टांगला जातो. घरात शिल्लक असलेला नऊ वॉटचा दुधी एलईडी बल्ब त्यात बसतो. ट्यूबलाइट तर चालूच असते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘याचा उजेडच पडत नाही हो!’’ महिन्याभरात बल्ब काढून बाल्कनीत लागतो आणि दिवा तेवढा लोंबकळत राहतो.

यात दिव्याचा दोष नाही, घेणाऱ्याच्या आवडीचाही नाही. खोली उजळावी म्हणून हा दिवा कुणी घडवलेलाच नाही. समोरच्या भिंतीवर नक्षी उमटावी म्हणून तो घडवला आहे. त्यासाठी त्याला कोरी भिंत लागते, बारीक ज्योत लागते आणि बऱ्यापैकी अंधार लागतो. आपल्या घरांत नेमकं हेच त्याला मिळत नाही. ते का लागतं हे समजायचं, तर तो ज्या घरांसाठी घडला त्या घरांत थोडं डोकवावं लागेल.

मोरोक्को म्हणजे आफ्रिकेचं वायव्य टोक. समोर सामुद्रधुनीपलीकडे स्पेन, एका बाजूला अटलांटिक महासागर, पाठीशी ॲटलास पर्वत आणि त्याच्याही मागे सहारा. तिथलं फेस हे तटबंदीतलं जुनं शहर १९८१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, माराकेश १९८५ साली. फेसच्या जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की मोटारीला तिथे वावच नाही. ओझी अजूनही खेचरांवरून आणि हातगाड्यांवरून जातात. या गल्ल्यांतून चालताना घरं दिसतच नाहीत. दिसतात त्या उंच, कोऱ्या, जवळपास खिडकीशून्य भिंती आणि मधूनच एखादा दरवाजा. घर आतल्या बाजूला उघडतं. मधोमध चौक, चौकाला कारंजं किंवा झाडं, भोवतीने खोल्या. ज्या घराच्या चौकात बाग असते त्याला ‘रियाद’ म्हणतात. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण होते ना? ऊन, धूळ आणि रस्त्यावरची नजर यांना बाहेर ठेवून आकाश तेवढं आत घेण्याची ही युक्ती आहे, आणि ती दोन्हीकडे वेगवेगळी सुचली.

या घरांतल्या खोल्या लांबट आणि अरुंद. उजेड चौकातून येईल तेवढाच. भिंतींचा खालचा भाग साधारण छातीइतक्या उंचीपर्यंत रंगीत फरशीच्या बारीक तुकड्यांनी मढवलेला असतो. त्या कामाला ‘झेलीज’ म्हणतात. त्याच्या वर बहुतेक ठिकाणी साधा, पांढुरका गिलावा आणि अगदी वर, छताजवळ, कोरीव काम. बसायच्या गाद्या भिंतीला लागून, बुटक्या. आता अशा खोलीत संध्याकाळी जाळीचा दिवा लावून पाहा. नक्षी पडते ती त्या मधल्या कोऱ्या पट्ट्यावर आणि छतावर. खाली झेलीजच्या चांदण्या, वर प्रकाशाच्या चांदण्या. दिवा आणि भिंत एकमेकांना धरून चालतात.

ज्योतीला वाऱ्यापासून जपायचं आणि तरीही उजेड अडवायचा नाही, हा तेलाच्या दिव्यापुढचा जुना पेच. आपल्याकडे त्याला कोनाडा हे उत्तर होतं. कुराणातल्या ‘नूर’ या अध्यायात ईश्वरी प्रकाशाला कोनाड्यातल्या, काचेत ठेवलेल्या दिव्याची उपमा आहे, आणि त्या उपमेमुळे मशिदीतल्या दिव्याला एक निराळाच मान आला. मोरोक्कोतले सगळ्यात मोठे जुने दिवे आहेत ते मशिदींतच. ताझा गावच्या मोठ्या मशिदीत १२९४ सालचं कांस्याचं झुंबर आहे. वजन सुमारे ३ टन आणि त्यात तेलाचे ५१४ दिवे ठेवायची सोय. फेसच्या करवियीन मशिदीत याहून विलक्षण गोष्ट आहे. ही मशीद ८५९ साली फातिमा अल-फिहरी या बाईंनी बांधवली, अशी परंपरा सांगते. तिथे चर्चच्या मोठमोठ्या घंटा टांगलेल्या आहेत. स्पेनमधल्या लढायांत हाती लागलेल्या या घंटांना भोवतीने दिवे ठेवण्याची कडी जोडून त्यांची झुंबरं केली. त्यांतली सर्वांत मोठी घंटा १३३३ साली जिब्राल्टर जिंकल्यानंतर आलेली. विजयाची खूण म्हणून आणलेली वस्तू पुढे शतकानुशतकं लोकांना उजेड देत राहिली. वसईच्या किल्ल्यातून आपल्याकडे आलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि इतरही काही देवळांत वाजतात, त्यांची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही. 

करवियीनच्या ग्रंथालयाला लागूनच सेफ्फारीन नावाचा चौक आहे. सेफ्फारीन म्हणजे तांबट-कासार. चौकात पाऊल ठेवण्याआधी तो ऐकू येतो. पातेली, किटल्या, मोठमोठी तबकं ठोकण्याचा आवाज गल्लीभर भरलेला असतो. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी मठारकामाचा तो तालातला ठोका ऐकला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. माराकेशमध्ये पत्राकाम करणाऱ्यांचा स्वतंत्र चौकच आहे, जुन्या ज्यू वस्तीच्या शेजारी, आणि तिथे दिवे टांगलेली दुकानं रांगेने उभी आहेत.

जाळी पाडायचं काम पाहायला सोपं वाटतं. पितळेचा पत्रा ठोकला की कडक होतो आणि तापवला की पुन्हा मऊ होतो. त्यामुळे ठोकणं आणि तापवणं आलटून पालटून चालू राहतं. नक्षीची आखणी कंपास आणि पट्टीने. एक चौकोन काढा, तेवढाच दुसरा चौकोन त्यावर तिरपा ठेवा, आठ टोकांची चांदणी तयार होते. तिच्या रेषा पुढे वाढवत नेल्या, की शेजारची चांदणी, मग तिच्या शेजारची. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला ही विद्या वेगळी शिकवायला लागणार नाही. मग छिन्नी आणि हातोडी घेऊन एकेक भोक पाडायचं, नाजूक जागी बारीक करवतीने कापायचं. मध्यम आकाराच्या दिव्यालाही अशी शेकड्यांनी भोकं असतात. एक ठोका चुकला तर शेजारच्या दोन भोकांमधली पट्टी तुटते, आणि तुटलेली पट्टी भिंतीवर दसपट मोठी होऊन दिसते. तिथल्या उस्तादाला ‘माआलेम’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ शिकवणारा. हातात कसब आलेला माणूस आणि शिकवणारा माणूस यांच्यासाठी एकच शब्द असावा, हे मला फार योग्य वाटतं.

हे दिवे जगभर कसे पसरले, ते थोडक्यात सांगतो. फ्रेंच वसाहतीच्या काळापासून युरोपातले चित्रकार माराकेशला जात होतेच. फॅशनच्या दुनियेतले ईव्ह सां लोराँ आणि त्यांचे साथीदार पियेर बेर्जे यांनी १९८० साली तिथली माजोरेल बाग विकत घेतली. पुढे परदेशी लोकांनी पडके रियाद घेऊन, दुरुस्त करून त्यांची अतिथिगृहं केली. त्यांचे फोटो मासिकांत आले आणि फोटोत सगळ्यात उठून दिसला तो दिवा. मागणी इतकी वाढली, की एकट्या मोरोक्कोने ती पुरवणं शक्यच नव्हतं.

आणि इथे आपला देश गोष्टीत येतो. आपल्या दुकानांत ‘मोरोक्कन’ म्हणून मिळणारे बरेचसे दिवे मोरोक्कोचे नसतात, ते उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचे असतात. ही आपली पीतळनगरी. तिथले कारागीर पिढ्यान् पिढ्या पितळेवर काम करत आलेले. निर्यातीची मागणी आली, नमुना आला, त्यांनी तो घडवला. तिथून तो युरोप-अमेरिकेत जातो आणि उरलेला आपल्या प्रदर्शनांत येतो. याला मी नक्कल म्हणून नाक मुरडणार नाही. मुरादाबादेत हाताने पाडलेली जाळी ही कुठल्याही कारखान्यात प्रेसखाली दाबून काढलेल्या जाळीपेक्षा शंभर पटींनी सरस. मला खटकतं ते एवढंच, की ज्याने आठवडाभर ठोके घातले त्याच्या गावाचं नावही चिठ्ठीवर नसतं. विकणाऱ्याला विचारावं, कुठला आहे हा? उत्तर ‘इंपोर्टेड आहे’ एवढंच आलं, तर पुढचे प्रश्न आपणच दिव्याला विचारावेत.

पहिला प्रश्न लोहचुंबकाने. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक खिशात घेऊन जा. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा किंवा रंग. लोखंडी दिवा वाईट असतो असं नाही, पण पितळेच्या भावाने घेऊ नये. आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत त्याची भोकं आधी गंजतात, कारण रंग कडेला सर्वांत पातळ बसतो. दुसरा प्रश्न बोटांनी. दिव्याच्या आतून हात फिरवा, जपून. छिन्नीने पाडलेल्या भोकाच्या कडा आतून किंचित खरखरीत लागतात आणि दोन भोकं कधी तंतोतंत सारखी नसतात. यंत्राची भोकं एकाच साच्यातली. तिसरं म्हणजे जोड पाहा. झाळलेला जोड सलग असावा. नुसता पत्रा दुमडून दाबलेला असेल तर वर्षभरात दिवा खुळखुळायला लागतो.

याच नावाखाली आणखी एक दिवा विकला जातो. रंगीत काचेचे बारीक तुकडे आणि मणी काचेच्या गोळ्यावर चिकटवलेले, फटींत पांढरा लेप भरलेला. दिसतो सुरेख, पण हा तुर्की दिवा. इस्तंबूलच्या बाजारात त्याचे ढीगच्या ढीग टांगलेले असतात. फरक नावापुरता नाही, कामाचाच आहे. तुर्की दिवा आपल्या आकाशकंदिलासारखा स्वतः उजळतो, त्याच्याकडेच बघायचं असतं. जाळीच्या दिव्याकडे पाठ करून बसायचं आणि भिंतीकडे बघायचं. ज्यांच्या घरात भिंती फोटो, कपाटं आणि टीव्ही यांनी भरलेल्या आहेत, त्यांनी खुशाल तुर्की दिवा घ्यावा. तो कमी जागेत जास्त सुख देईल.

जाळीचा दिवा घ्यायचाच असेल, तर आधी घरात एक प्रयोग करा. फुकटचा आहे. स्वयंपाकघरातून मोदकपात्राची भोकांची चाळण आणा. खोलीत अंधार करा. मोबाइलची बॅटरी लावून ती चाळणीच्या मागे, वीतभर अंतरावर धरा आणि समोर भिंत ठेवा. भोकं ठसठशीत उमटतील, अगदी कडांसकट. आता मोबाइलच्या दिव्यावर बटर पेपरचा मोठा तुकडा दोन बोटं अंतर सोडून धरा. उजेड तोच, चाळण तीच, भिंत तीच. पण नक्षी गेली. भिंतीवर नुसता पांढुरका डाग उरला.

झालं काय, तर मोबाइलमधला दिवा जेमतेम काही मिलिमीटरचा आहे. तो एका बिंदूतून निघाल्यासारखा प्रकाश टाकतो, म्हणून प्रत्येक भोकाची एकच रेखीव प्रतिमा पडते. कागद उजळला की प्रकाश वाटीएवढ्या जागेतून येतो. त्या जागेतला प्रत्येक ठिपका आपापली वेगळी प्रतिमा टाकतो, आणि सगळ्या एकमेकींवर चढून नक्षी पुसतात. दुधी एलईडी बल्ब म्हणजे हा उजळलेला कागदच. त्याचा गोळा सहा सेंटिमीटर रुंद आणि दिव्याची भोकं एकमेकांपासून एक सेंटिमीटरवर. नक्षी उमटणार कशी? हिशेब करून पाहिला तर एक साधा नियम हाती येतो. भिंत लांब असेल, तर बल्बचा प्रत्यक्ष उजळणारा भाग हा जाळीतल्या दोन भोकांमधल्या अंतरापेक्षा लहान हवा. भिंत दिव्याच्या अगदी जवळ असेल तर थोडी सवलत मिळते. दिवा मोठा असेल, म्हणजे बल्ब आणि पत्रा यांच्यात अंतर जास्त असेल, तरी मिळते. जुन्या तेलाच्या दिव्याची ज्योत करंगळीच्या पेराएवढी असायची, तिथे हा प्रश्नच नव्हता.

तेव्हा बल्ब घ्यायचा तो पारदर्शक काचेचा. एलईडीतही जुन्या बल्बसारखी तार दिसणारे बल्ब मिळतात, त्यांना फिलामेंट एलईडी म्हणतात. पण त्यातली ती ‘तार’ चांगली तीन-चार सेंटिमीटर लांब आणि तशा चार तारा असतात, हे विसरू नका. त्यामुळे मोठ्या चांदण्या नीट येतात, बारीक जाळी पुसट येते. बारीक नक्षीसाठी सगळ्यात छोटा, मेणबत्तीच्या आकाराचा स्वच्छ काचेचा बल्ब बघावा. रंग पिवळसर हवा. खोक्यावर २७०० केल्विन किंवा त्याहून कमी लिहिलेलं असतं. ६५०० लिहिलेला बल्ब पितळेला प्रेतकळा आणतो. आणि वॉट वाढवून काहीही साधत नाही. उलट जास्तीचा उजेड पांढऱ्या छतावर आपटून खोलीभर पसरतो आणि नक्षीचे काळे भागही उजळून टाकतो. तीन-चार वॉट पुष्कळ झाले.

आता ट्यूबलाइट. वीस वॉटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन उजेड देते. दिव्यातला चार वॉटचा बल्ब देतो ४०० च्या आसपास. समजा, जाळीची भोकं एकूण पत्र्याच्या दहा टक्के आहेत, तर त्यातून थेट बाहेर पडणार चाळीस. दोन हजारांपुढे चाळिसाचं काय चालणार? म्हणून या दिव्याला स्वतंत्र बटण हवं, आणि तो लागेल तेव्हा बाकीचे दिवे विझायला हवेत. इथे घरात मतभेद होतात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. आपल्याकडे संध्याकाळी घरात अंधार असणं अशुभ मानतात, तिन्हीसांजेला दिवे लागलेच पाहिजेत. आई-आजींचं म्हणणं मोडून हॉलमध्ये मंद दिवा लावण्यात अर्थ नाही. शिवाय म्हाताऱ्या डोळ्यांना कमी उजेडात पायरी, पाट, खाली पडलेलं खेळणं दिसत नाही. तिथे नक्षीच्या सावल्या फसव्या ठरतात. हॉलचा हट्ट सोडा. हा दिवा घराच्या त्या जागांचा आहे, जिथे आपण वाचत नाही, भाजी निवडत नाही आणि अभ्यास करत नाही. प्रवेशाजवळचा बोळ, बाल्कनीचा बंद केलेला कोपरा, झोपायच्या खोलीतली पलंगामागची भिंत. बंगला असेल तर ओसरी. एक मीटर रुंदीच्या बोळात तर त्याचं सोनं होतं, कारण दोन्ही भिंती हाताशी असतात.

भिंत कोरी आणि फिकी हवी, चमकणाऱ्या ऑइलपेंटची नको. गडद रंग प्रकाश गिळून टाकतात. पांढऱ्यापेक्षा मळकट पिवळा, हस्तिदंती, फिका गेरू हे जास्त खुलतात असं माझं मत. त्या भिंतीवर दुसरं काहीही लावू नका. एक चित्रदेखील नको. आपल्याला हे फार जड जातं.

उंचीचा विचार डोळ्यांच्या हिशेबाने करायचा. जाळीतून थेट बल्ब दिसला की तो टोचतो. म्हणून दिवा एकतर डोक्याच्या बराच वर, चालण्याच्या वाटेवर किमान सात फुटांच्या वर असावा, नाहीतर सरळ जमिनीवर ठेवावा. गादी-तक्क्यांची भारतीय बैठक असेल, तर कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला दिवा भिंतीवर खालून वर चढत जाणारी नक्षी टाकतो, आणि ती टांगलेल्या दिव्याच्या नक्षीपेक्षा मला स्वतःला जास्त आवडते. मात्र रांगतं मूल असेल तर नको. पत्र्याच्या कडा धारदार असतात. पंख्याच्या वाऱ्यात टांगलेला दिवा झुलतो आणि त्याच्याबरोबर अख्खी खोली झुलायला लागते. पहिल्या दिवशी मुलांना मजा वाटते, तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना गरगरतं. पंख्याच्या टप्प्याबाहेर टांगा.

टांगण्याबद्दल दोन शब्द सक्तीचे. पितळेचा मोठा दिवा चार-पाच किलो सहज भरतो. तो वजन साखळीवर घेऊन स्लॅबमधल्या हुकाला किंवा पक्क्या अँकर फास्टनरला टांगावा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला नाही, आणि नुसत्या वायरीवर तर मुळीच नाही. दिवा धातूचा आहे, म्हणून तीन तारांची वायर आणि अर्थिंग हवंच. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार दिव्याच्या पत्र्याला नीट स्क्रूने जोडलेली असली पाहिजे. दुकानातून येणाऱ्या पुष्कळ दिव्यांना दोनच तारा असतात. अशा वेळी इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलून घ्या. दोनशे-चारशे रुपयांसाठी जीव टांगणीला लावू नका. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून आत शिरते तिथे रबरी कडी बसवून घ्या, नाहीतर तीच धारदार कड हळूहळू वायरीचं आवरण कापते. बाहेरून आलेल्या दिव्यांत बहुधा आट्यांचा होल्डर असतो, आपला नेहमीचा पिनांचा नव्हे. आट्यांच्या होल्डरमध्ये फेजची तार मधल्या टोकाला यावी लागते. ती आट्यांना जोडली गेली, तर बल्ब बदलताना झटका बसतो. हे काम घाईत असलेला माणूस उलटं करून जातो, म्हणून टेस्टर लावून दाखवायला सांगा. दिवा मंद करायची हौस असेल तर डिमर आणि डिमरवर चालणारा बल्ब अशी जोडी घ्या. पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी लावला तर तो लुकलुकतो आणि लवकर जातो.

विजेशिवायही हा दिवा वापरता येतो, किंबहुना त्याचं मूळ रूप तेच. छोट्या जाळीच्या दिव्यात पणती किंवा टी-लाइट ठेवली, की नक्षी जिवंत होते, थरथरते. फक्त खालून हवा येण्याची वाट असलेला दिवा निवडा. चारी बाजूंनी काच आणि तळ बंद असेल तर ज्योत गुदमरते. वरचं झाकण चांगलं तापतं, पडद्यापासून दूर ठेवा. तेलाची काजळी आतून जमते, ती त्याच आठवड्यात पुसावी.

कातड्याच्या मोरोक्कन दिव्यांबद्दलही विचारणा होते. लोखंडी सांगाड्यावर बकरीचं ओलं कातडं ताणून शिवतात, वाळलं की ते ढोलकीच्या पुडीसारखं घट्ट बसतं, त्यावर मेंदीने नक्षी काढतात. माराकेशच्या कोरड्या हवेत तो टिकतो. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः घाटाखाली, कातडं ओल धरतं, सैल पडतं, त्यावर बुरशी येते आणि खोलीत वास भरतो. नागपूर-औरंगाबादकडच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडच्या लोकांनी घ्यायचा तर घ्यावा. जून ते सप्टेंबर कोरड्या जागी गुंडाळून ठेवावा लागेल.

पितळेचा दिवा मात्र पिढ्यान् पिढ्या टिकतो, साफ करायची पद्धत तेवढी कळली पाहिजे. नव्या दिव्यावर पुष्कळदा पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो असेतोवर चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावू नका, कारण लॅकर तुकड्यातुकड्यांनी निघतं आणि दिवा कोड फुटल्यासारखा दिसतो. कोरड्या रंगाच्या ब्रशने भोकांतली धूळ झटकली की झालं. थर नसेल तर वर्षातून एकदा, दिवाळीच्या भांड्यांबरोबर, वायर आणि होल्डर काढून चिंच-मिठाने घासा. जुना टूथब्रश आतल्या बाजूने फिरवा. भोकांच्या कडांत आंबट राहिलं तर कळंक चढतो, म्हणून भरपूर पाण्याने धुवा आणि दिवसभर उन्हात उलटा ठेवा. काही जणांना काळवंडलेलं पितळच आवडतं. त्यांनी बाहेरून नाही घासलं तरी चालेल, आतून मात्र घासावं. आतला पत्रा चकचकीत असला की भोकांतून बाहेर पडणारा उजेड वाढतो. संध्याकाळी होल्डर परत बसवण्याआधी जोडांमध्ये पाणी साचलेलं नाही ना, हे दिवा कानाशी धरून हलवून पाहा.